जॅझ स्टँडर्ड्स : आधी चाल गळ्यात बसू द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीतून संगीत शिकणाऱ्यांसाठी जे लेखन प्रसिद्ध होते, त्यात आता जॅझलाही जागा मिळू लागली आहे, ही माझ्यासारख्या वाचकाला मनापासून समाधान देणारी गोष्ट आहे. मात्र नवोदित वादकाने कोणती स्टँडर्ड्स (सर्व जॅझ वादकांना सामाईक असलेली गाणी) शिकावीत हा प्रश्न निघाला, की उत्तर म्हणून बहुधा एक यादीच हाती ठेवली जाते. कुणी पन्नास नावे देतो, कुणी शंभर, आणि एखादे स्टँडर्ड आपल्याला ‘येते’ असे नेमके केव्हा म्हणायचे, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. गेली अनेक वर्षे मी पियानो शिकते आहे, गायकांना आणि सॅक्सोफोनवादकांना साथ करते आहे आणि शिकणाऱ्यांच्या जॅम सेशनना (आयत्या वेळी एकत्र वाजवण्याच्या बैठकांना) नियमाने जाते आहे. त्या आधारावर माझे ठाम मत झाले आहे, की स्टँडर्ड्स थोडी घ्यावीत, ती कागदावरून न घेता कानाने घ्यावीत आणि कॉर्डना (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांना) हात घालण्यापूर्वी त्यांची चाल गळ्यात बसवावी. या मतामागची कारणे जरा विस्ताराने मांडण्याची परवानगी द्यावी.

ज्यांचा या संगीताशी फारसा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. जॅझमध्ये स्टँडर्ड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रचनांपैकी मोठा वाटा १९२० ते १९५० या दशकांतल्या अमेरिकी नाटकांतल्या आणि चित्रपटांतल्या गाण्यांचा आहे. उरलेल्या रचना ड्यूक एलिंग्टन, थेलोनियस मंक यांच्यासारख्या जॅझ संगीतकारांनी स्वतः केलेल्या आहेत. यांतली बरीच गाणी ३२ बारची (बार म्हणजे तालाचा एक ठरावीक छोटा भाग) असतात आणि आठ-आठ बारच्या चार भागांत बसवलेली असतात. वादक प्रथम मूळ चाल वाजवतात, मग त्याच ३२ बारच्या आवर्तनावर एकामागून एक जण आपापली उपज मांडतो आणि शेवटी सगळे पुन्हा मूळ चालीवर येतात. एकमेकांना कधीही न भेटलेले चार वादक केवळ गाण्याचे नाव आणि पट्टी सांगून एकत्र वाजवू शकतात, ते या सामाईक साठ्याच्या बळावर. नवशिक्यासाठी त्याचे महत्त्व एवढ्यासाठी, की या साठ्याशिवाय त्याला कुणाबरोबर वाजवताच येत नाही.

आता यांतले एकच गाणे जवळून पाहू. ‘ऑटम लीव्ज’ हे बहुतेक शिकणाऱ्यांच्या वाट्याला अगदी सुरुवातीला येणारे स्टँडर्ड. मूळ गाणे फ्रेंच. जोसेफ कोस्मा यांची चाल, जाक प्रेव्हेर यांचे शब्द आणि नंतर जॉनी मर्सर यांनी लिहिलेले इंग्रजी शब्द. जी मायनर पट्टीत हे गाणे वाजवताना शिकणाऱ्यापुढे जो कागद येतो त्यावर सी मायनर सेव्हन, एफ सेव्हन, बी फ्लॅट मेजर सेव्हन, ई फ्लॅट मेजर सेव्हन, मग ए हाफ डिमिनिश्ड, डी सेव्हन आणि शेवटी जी मायनर अशी कॉर्डची ओळ असते. मुलगा ती ओळ घोकतो, प्रत्येक कॉर्डसाठी कोणती स्केल (सुरांची चढती-उतरती ओळ) चालते ते पाठ करतो आणि बोटे चालवू लागतो. पण या गाण्याच्या पहिल्या चार ओळी नुसत्या गुणगुणून पाहाव्यात. प्रत्येक ओळ तीन सुरांची पायरी चढते आणि एका लांब सुरावर विसावते. ते विसाव्याचे सूर क्रमाने ई फ्लॅट, डी, सी आणि बी फ्लॅट आहेत, म्हणजे एकेक पायरी खाली उतरणारे. ई फ्लॅट हा सी मायनरचा तिसरा सूर. तो धरून ठेवला की खाली कॉर्ड बदलून एफ सेव्हन होते आणि तोच सूर तिचा सातवा होतो. मग डी हा बी फ्लॅटचा तिसरा आणि लगेच पुढच्या ई फ्लॅट मेजरचा सातवा. सी हा ए हाफ डिमिनिश्डचा तिसरा आणि डी सेव्हनचा सातवा. शेवटी बी फ्लॅट, जो घरच्या जी मायनरचा तिसरा सूर आहे. कॉर्डची ओळख ज्या तिसऱ्या आणि सातव्या सुरांवरून पटते, नेमके तेच सूर चालीने आपल्या हाती ठेवलेले आहेत. ज्याने ही चाल मनापासून गायली, त्याच्या कानात त्या सात कॉर्ड आपोआप उतरल्या. ज्याने फक्त कॉर्ड घोकल्या, त्याला सातही नावे आठवतात, पण एकीतून दुसरीत जाण्याचे कारण सांगता येत नाही.

चाल आणि कॉर्ड यांचे हे नाते सर्व गाण्यांत इतके उघड नसते, हे मान्य आहे. तरीही चांगल्या स्टँडर्ड्समध्ये ते वारंवार सापडते. जेरोम कर्न यांनी १९३९ मध्ये एका नाटकासाठी रचलेले ‘ऑल द थिंग्ज यू आर’ हे ३६ बारचे गाणे कागदावर पाहिले तर विद्यार्थी घाबरून जातो, कारण पट्टी सारखी बदलत राहते. प्रत्यक्षात पहिल्या पाच कॉर्डवर चाल एकापाठोपाठ त्या त्या कॉर्डच्या तिसऱ्या सुरावरच येते. आणि मधल्या भागाच्या शेवटी तर कर्न यांनी जे केले आहे ते ऐकताना अजूनही अंगावर काटा येतो : ई मेजरवर जी शार्प हा सूर लांबवलेला असतो, खालची कॉर्ड बदलते, आणि तोच सूर, जागचा न हलता, ए फ्लॅट म्हणून एफ मायनरच्या दारात उभा राहतो. पियानोवर दोन्हींसाठी दाबायची कळ एकच. हा क्षण ज्याने गाऊन अनुभवला आहे, तो त्या ठिकाणी वाट चुकत नाही; ज्याने तो केवळ वाचला आहे, तो हमखास तिथेच चुकतो. जॅम सेशनमध्ये असे अनेकदा माझ्या समोर घडले आहे.

कागदाविषयी माझी तक्रार समजून घेण्यासाठी कागदाचा इतिहासही पाहायला हवा. ज्या ‘रिअल बुक’मधून आज जगभरचे विद्यार्थी ही गाणी शिकतात, ते १९७० च्या दशकाच्या मध्यास बोस्टनच्या बर्कली महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी हाताने लिहून, छायाप्रती काढून, विनापरवाना विकायला सुरुवात केली. गाण्यांचे हक्क रीतसर घेऊन निघालेली अधिकृत आवृत्ती २००४ मध्ये आली. त्या मुलांनी मोठेच काम केले, यात शंका नाही. त्याआधी हाती लागणाऱ्या संग्रहांपेक्षा त्यांचे लेखन पुष्कळच उपयोगी होते. पण त्यांनी ते कुठल्या ना कुठल्या ध्वनिमुद्रणावरून, स्वतःच्या कानाने उतरवून घेतले होते, आणि त्यात चुकाही राहिल्या होत्या. त्यातल्या काही चुका इतक्या वेळा वाजवल्या गेल्या आहेत, की त्याच आता बरोबर समजल्या जातात. कानाने उतरवून घेण्याचे जे काम त्या विद्यार्थ्यांना शिकवून गेले, नेमके तेच काम आपण पुस्तकामुळे टाळतो आहोत, याकडे मला लक्ष वेधायचे आहे.

ऐकणे म्हणजे एकच ध्वनिमुद्रण ऐकणेही नव्हे. ‘बॉडी अँड सोल’ हे जॉनी ग्रीन यांनी १९३० मध्ये रचलेले गाणे घ्या. सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स यांनी ११ ऑक्टोबर १९३९ रोजी केलेले त्याचे ध्वनिमुद्रण जॅझच्या इतिहासातला मैलाचा दगड आहे, आणि शिक्षक सर्वप्रथम तेच ऐकायला सांगतात. परंतु त्यात मूळ चाल पहिल्या काही बारपुरतीच दिसते. त्यानंतर दोन आवर्तने हॉकिन्स जे वाजवतात ती सर्वस्वी त्यांची स्वतःची रचना आहे. केवळ तेवढेच ऐकणाऱ्याला गाणे कळत नाही, गाण्याचे काय होऊ शकते ते कळते. म्हणून त्याच्या शेजारी गायिका बिली हॉलिडे यांनी १९४० मध्ये गायलेले तेच गाणे ऐकावे. शब्द कुठे श्वासासाठी थांबतात, कोणता शब्द तालाच्या किंचित मागे ठेवला आहे, मधला भाग डी फ्लॅटवरून अर्धा सूर वर डी मेजरमध्ये सरकतो तेव्हा आवाजाचा पोत कसा बदलतो, हे सारे तिथे उमगते. गायकाचे आणि वादकाचे किमान एकेक, आणि शक्य तर काळाने दूर असलेली तीन-चार ध्वनिमुद्रणे ऐकल्याखेरीज गाण्यातले काय मूळचे आणि काय एका कलावंताने घातलेले, हे वेगळे काढता येत नाही.

शब्दांचा विषय निघालाच आहे, तर त्यावर आणखी थोडे. सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन संथ गाणे वाजवण्यापूर्वी त्याचे शब्द आपल्या खर्जातल्या आवाजात श्रोत्यांना म्हणून दाखवत, आणि मग सॅक्सोफोन ओठांना लावत. ही सवय त्यांच्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांत ऐकायला मिळते. वाद्य वाजवणाऱ्याला शब्दांची काय गरज, असे विचारणाऱ्यांनी ती ऐकावीत. वाक्य कुठे संपते हे शब्दांवरून समजते, आणि वाक्य कुठे संपते हे कळले की सुरांची ओळ कुठे संपवावी हेही कळते. नवशिक्यांच्या सोलोमध्ये (एकट्याने मांडलेल्या उपजेत) सूर चुकीचे नसतात; श्वास घ्यायला जागा नसते. शब्द पाठ असलेल्या विद्यार्थ्याच्या वादनात हा दोष मला फार कमी आढळला आहे.

कागद आणि फोनचा पडदा यांच्यावर विसंबण्याचा आणखी एक परिणाम जॅम सेशनमध्ये रोज दिसतो, तो म्हणजे आवर्तनाचे भान सुटणे. १९५९ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या ‘सो व्हॉट’मध्ये पाठ करण्यासारख्या कॉर्ड जवळजवळ नाहीतच, १६ बार डी डोरियन (डोरियन म्हणजे एक ठरावीक स्वरसमूह), आठ बार अर्धा सूर वर ई फ्लॅट डोरियन, पुन्हा आठ बार डी. त्यामुळे हे गाणे सोपे समजून सुरुवातीलाच दिले जाते. पण एका आवर्तनाचे शेवटचे आठ बार आणि पुढच्या आवर्तनाचे पहिले सोळा मिळून सलग २४ बार एकच स्वरसमूह चालू राहतो, आणि आपण त्यात नेमके कुठे आहोत हे सांगणारी एकही कॉर्ड वाटेत भेटत नाही. फोनच्या पडद्यावर सरकणारी खूण पाहून वाजवणारा सुटतो, पण पडदा विझला किंवा ड्रमवादकाने जरा वेगळी वळणे घेतली की त्याला मधल्या भागाची जागा सापडत नाही. उलट, स्वतः वाजवत नसताना दुसऱ्याच्या सोलोखाली मनात मूळ चाल गात राहणारा विद्यार्थी कधीच हरवत नाही, कारण त्याच्यासाठी प्रत्येक बारला चेहरा असतो. ही सवय लावायला वाद्यसुद्धा लागत नाही. जॅम सेशनला गेलेल्या प्रत्येक शिकाऊ वादकाने, आपली पाळी येण्याआधी, निदान एका गाण्यापुरते तरी असे करून पाहावे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो वाजवी आहे. जॅम सेशनला गेल्यावर कोण कोणते गाणे काढील याचा नेम नसतो. पाच-सहा गाणीच खोलवर येणारा विद्यार्थी बहुतेक वेळ नुसता बसून राहील, मग यादी पाठ केल्यावाचून गत्यंतर काय? माझे उत्तर असे, की ही गाणी एकमेकांपासून वाटतात तितकी वेगळी नाहीत. जॉर्ज गर्श्विन यांच्या १९३० मधल्या ‘आय गॉट रिदम’चा कॉर्डचा सांगाडा, शेवटचे दोन जादा बार गाळून, जॅझ वादकांनी ३२ बारचा केला आणि त्यावर अक्षरशः शेकडो नव्या चाली बांधल्या. सॉनी रॉलिन्स यांचे १९५४ मधले ‘ओलिओ’, सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांचे ‘अँथ्रॉपॉलॉजी’, मंक यांचे ‘रिदम-अ-निंग’ हे सारे त्याच घराचे. त्याचप्रमाणे ‘हाउ हाय द मून’वरून ‘ऑर्निथॉलॉजी’ झाले, आणि रे नोबल यांच्या ‘चेरोकी’च्या कॉर्डवर पार्कर यांनी १९४५ मध्ये ‘को-को’ वाजवले. ज्याला ‘आय गॉट रिदम’ खऱ्या अर्थाने येते, म्हणजे त्याच्या मधल्या भागात डी सेव्हन, जी सेव्हन, सी सेव्हन, एफ सेव्हन अशी दोन-दोन बारची उतरंड डोळे मिटून ऐकू येते, त्याला हीच उतरंड दुसऱ्या गाण्यात भेटली की ओळखायला क्षणही लागत नाही. पहिली पाच-सहा गाणी फार वेळ खातात, पण नंतरची झपाट्याने येऊ लागतात. यादीवरून घाईने चाळीस गाणी उरकणाऱ्याला मात्र चाळिसावे गाणेही पहिल्याइतकेच परके वाटत राहते.

स्वतः चार्ली पार्कर यांनी आपल्या किशोरवयातली एक हकिकत मुलाखतीत सांगितली आहे. कॅन्सस सिटीमध्ये ते पहिल्यांदा इतरांबरोबर वाजवायला गेले तेव्हा त्यांना ‘लेझी रिव्हर’चे पहिले आठ बार आणि ‘हनीसकल रोझ’ हे गाणे एवढेच येत होते, आणि तेही एकाच पट्टीत. इतर पट्ट्या असतात हे त्यांच्या ध्यानीही आले नव्हते. ‘बॉडी अँड सोल’वर दुप्पट लय घेण्याचा प्रयत्न केला तेव्हा सगळे हसले, आणि त्यानंतर तीन महिने त्यांनी सॅक्सोफोन हातात धरला नाही. ही गोष्ट जिद्दीचा दाखला म्हणून सांगितली जाते. मला त्यापेक्षा पुढे त्यांनी काय केले ते महत्त्वाचे वाटते. १९३७ च्या उन्हाळ्यात ओझार्क भागात एका बँडबरोबर काम करत असताना त्यांनी बँडप्रमुख काउंट बेसी यांच्या ध्वनिमुद्रिका सोबत नेल्या आणि त्यांवरचे सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांचे सोलो कानाने उतरवून घेतले. परत आले ते वेगळेच वादक होऊन. गाण्यांची संख्या वाढवण्याच्या मागे न लागता, एका माणसाचे वादन त्यांनी मुळापासून आत्मसात केले होते.

खोलवर शिकणे म्हणजे नेमके काय, याचे सर्वांत स्वच्छ उत्तर मला सॅक्सोफोनवादक ली कॉनिट्झ यांच्याकडे सापडते. १९२७ ते २०२० असे दीर्घ आयुष्य लाभलेल्या या कलावंताने सात दशकांच्या कारकिर्दीत तीच ती मोजकी स्टँडर्ड्स पुन्हा पुन्हा वाजवली. ‘ऑल द थिंग्ज यू आर’ हे त्यांतलेच एक. लेनी ट्रिस्टानो या गुरूंकडे शिकताना लेस्टर यंग यांचे सोलो आधी गळ्याने म्हणायचे आणि मगच वाद्यावर घ्यायचे, हा पाठ त्यांना मिळाला होता. पुढे शिकवताना त्यांनी दहा पायऱ्यांची पद्धत सांगितली. पहिल्या पायरीवर फक्त मूळ चाल वाजवायची, एकही सूर न वाढवता, आणि ती इतकी मन लावून वाजवायची की तीच पुरेशी वाटावी. दुसऱ्या पायरीवर चालीतल्या सुरांना धक्का न लावता अगदी थोडी सजावट करायची. मग क्रमाक्रमाने सजावट वाढवत न्यायची, आणि शेवटच्या पायरीवर मूळ चाल मागे पडून संपूर्णपणे नवी ओळ जन्माला येते. विद्यार्थ्यांना बहुतेक वेळा थेट दहाव्या पायरीवर उभे केले जाते, आणि मग सुचत का नाही म्हणून ते खट्टू होतात. माझ्या मते पहिल्या दोन पायऱ्यांवर आठवडेच्या आठवडे घालवण्यात काहीही कमीपणा नाही. तिथे असताना सुराचा लगाव, लांबी, तालाच्या पुढे-मागे राहणे, या गोष्टींकडे लक्ष द्यायला सवड मिळते, जी नंतर कधीच मिळत नाही.

पट्टी बदलण्याच्या सरावाबाबतही हेच लागू पडते. गायिकेला तिच्या आवाजाला मानवेल त्या पट्टीत गाणे हवे असते, आणि साथीदाराने पुस्तकातल्या पट्टीचा हट्ट धरला तर गाणेच मरते. कॉर्डची नावे पाठ करणाऱ्याला प्रत्येक पट्टी म्हणजे नवी घोकंपट्टी असते. चाल गळ्यात असेल आणि दोन-पाच-एक हा कॉर्डचा क्रम (पट्टीतल्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या सुरावरच्या कॉर्ड) कानाला ओळखीचा असेल, तर बोटे हळूहळू पण खात्रीने वाट काढतात. दोन-तीन पट्ट्या पुरतात. सर्व बारा पट्ट्यांचा आग्रह सुरुवातीलाच धरू नये.

साधनांना माझा विरोध आहे असा समज कृपया होऊ नये. जेमी एबरसोल्ड यांनी १९६७ मध्ये सरावासाठी साथीच्या ध्वनिमुद्रिका काढायला सुरुवात केली, तेव्हा एकाकी शिकणाऱ्या असंख्य मुलांना पहिल्यांदाच बास आणि ड्रमबरोबर वाजवता आले. आजची मोबाइलवरची ॲप तीच सोय कोणत्याही पट्टीत आणि लयीत देतात. त्यांचा उपयोग अवश्य करावा, पण चाल पाठ झाल्यावर. ही साथ आपले ऐकत नाही, आपण थांबलो तर थांबत नाही, आणि चुकलो तर सावरून घेत नाही, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

संपादक महोदय, यासाठी आपल्या पुरवणीकडून माझी एक साधी अपेक्षा आहे. पुढे जेव्हा नवोदितांसाठी स्टँडर्ड्सची यादी छापण्यात येईल, तेव्हा ती दहा-बारा गाण्यांपुरती ठेवावी आणि प्रत्येक गाण्यासोबत संगीतकाराचे नाव, रचनेचे वर्ष, ऐकण्याजोगे एक गायनाचे आणि एक वादनाचे ध्वनिमुद्रण, आणि गाण्याच्या बांधणीविषयी दोन-चार ओळी द्याव्यात. जागेच्या अडचणीमुळे एका अंकात एकच गाणे घेता आले तर ते अधिकच उत्तम. जॅम सेशन आयोजित करणाऱ्यांनाही या पत्राच्या निमित्ताने विनंती आहे, की प्रत्येक सत्रात एक तरी गाणे कागदाचा स्टँड आणि फोन बाजूला ठेवून वाजवण्याचा पायंडा पाडावा. ते गाणे आठवडाभर आधी जाहीर करावे, म्हणजे नव्याने येणाऱ्यांना ते ऐकून, गाऊन, तयार होऊन येता येईल. सुरुवात ‘ऑटम लीव्ज’ने केली तर ते गाणे येत नाही म्हणून कुणालाच बसून राहावे लागणार नाही.

आपली विश्वासू,
एक पियानोवादक वाचक